द्वारकावहिनींचं घर, आगीचा विमा आणि मी

बसा, बसा. मालती आत चहा टाकतेय, ती बाहेर यायच्या आत मी सांगून घेतो. तिनं सांगितलेलं तुम्हाला ऐकवेल हो, मला नाही ऐकवत. आणि हसायचं तर मोठ्यानं हसा. गालातल्या गालात हसणाऱ्यांचा मला आता वीट आलाय. सगळी वाडी गेले कित्येक दिवस तशीच हसतेय.

शेजाऱ्याला मदत करायची ती किती करावी, याला काही माप असतं का हो? असेल तर मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. तुम्ही कुणी सांगितलं नाही. तेव्हा दोष थोडा तुमच्याकडेही जातो, एवढं ध्यानात ठेवून ऐका.

आमचं घर तुम्ही पाहिलंयच. कधी काळी दोन भावांनी बांधलेलं हे एकच लाकडी घर. पुढे भाऊ भांडले आणि घराची दोन घरं झाली. अर्धं द्वारकावहिनींच्या सासऱ्यांनी घेतलं, अर्धं माझ्या वडिलांनी. मध्ये भिंत होती, पण भिंतीत एक दार राहून गेलं. त्या दाराला दोन्ही बाजूंनी कड्या. लावलेली मात्र एकही मी जन्मात पाहिली नाही.

त्या दारानं काय काय गेलं नि आलं म्हणून सांगू! विरजण गेलं, वर्तमानपत्र आलं. वहिनींचे यजमान वारले तेव्हा रडणं आलं आणि वर्षभर ताट गेलं. त्यांच्याकडे पाहुणा आला की तो कुठला, कशाला आला, चहात साखर किती घेतो, हे मला त्यांच्या आधी ठाऊक. लोक याला भोचकपणा म्हणतात. मी आपुलकी म्हणतो. शब्दाशब्दांत फरक असायचाच.

तर वहिनी घरी शिवण करतात, हे तुम्हाला माहीत आहे. झबली, चोळ्या, पोलकी. एक जुनं मशीन, त्यावर अख्खी वाडी नटवलीय बाईनं. वाडीतल्या मुलींसाठी शिवणवर्ग काढायचा हे त्यांचं फार दिवसांचं मनात. दादरच्या एका महिला संस्थेनं मशीनं द्यायचं कबूलही केलं. पण अट घातली. लाकडी घर आहे, तेव्हा आधी घराचा आगीचा विमा उतरवा. विमा नाही तर मशीनं नाहीत, आणि मशीनं नाहीत तर वर्ग नाही. मुलींनी नावं देऊन ठेवलेली. वहिनी रोज पोस्टमनची वाट बघत उंबऱ्यात उभ्या. मीही माझ्या उंबऱ्यात.

शेवटी फोर्टातल्या विमा कंपनीचं कार्ड आलं. साहेब गुरुवारी सकाळी घर बघायला येणार. त्यांनी बरं म्हटलं तर विमा मिळणार.

बुधवारी सकाळी वहिनी मधल्या दारात आल्या. हातात पिशवी.

"भावोजी, मी बहिणीकडे दादरला जातेय. संस्थेचं पत्र घ्यायचंय. उद्या सकाळी साहेबांच्या वेळेला पोचते."

"खुशाल जा वहिनी. इकडे मी आहे."

यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही काही करू नका हं."

आता मला सांगा, आपल्याकडे पाहुणा दारातून आत येताना 'माझ्यासाठी काही करू नका हं' म्हणतो, तेव्हा आपण काय करतो? शिरा करतो! काजू घालून करतो. नुसतं पाणी पुढे केलं तर तो जन्मभर नावं ठेवील. वहिनी घरंदाज बाई. भिडस्त. त्या तोंडानं कशा सांगतील? म्हणून म्हणाल्या 'काही करू नका'. मी काय समजायचं ते समजलो.

लगेच दुकानात गेलो. मी कापडाच्या दुकानात गुमास्ता, शिक्षण सातवी, त्यामुळे अडलं की आमचे कॅशवरचे गुप्ते. त्यांना विचारलं, "आगीच्या विम्याचा साहेब घरात येऊन काय बघतो हो?"

गुप्ते नोटांवरची नजर न काढता म्हणाले, "जळण्यासारखं काय आहे ते बघतो. दुसरं काय बघणार?"

बस्स! एवढं पुरे झालं मला. उरलेल्या दिवसाची नि गुरुवारची रजा टाकली आणि घरी आलो. मधल्या दारातून वहिनींच्या घरात शिरलो, कमरेवर हात ठेवले आणि पाहिलं.  इतकी वर्षं त्या घरात जातोय, पण आगीच्या साहेबाच्या डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या घरात न जळणारी वस्तू एकच होती, मोरी!

बंबाशेजारी लाकडाच्या ढलप्यांचा, बंबफोडीचा ढीग. त्याच्या बाजूला नारळाची सोडणं. शेगडीजवळ कोळशाचं पोतं. घासलेटचा डबा. पोटमाळ्यावर गणपतीचं मखर, कागदाचं नि कापसाचं. यजमानांनी जमवलेल्या वर्तमानपत्रांची थप्पी. आणि शिवणाच्या चिंध्यांची गाठोडी तर कोपऱ्याकोपऱ्यात.

"मालती!" मी हाक मारली. "पदर खोच. सगळं आपल्याकडे हलवायचंय."

"का?"

"जळेल म्हणून."

"मग आपल्याकडे नाही जळणार?"

या बाईला तर्कशास्त्र कुणी शिकवलं कोण जाणे. मी म्हटलं, "साहेब त्यांच्याकडे येणार आहे. आपल्याकडे नाही."  यावर तिच्याकडे उत्तर असेल, पण मी ऐकायला थांबलो नाही.

ओढाओढ सुरू झाली. बंबफोड गेली, कोळसा गेला, मखर गेलं. माणसाचा एकदा हात बसला की थांबता येत नाही बघा. गाद्या? कापूस आहे, चला! पाट? लाकूड! शिवणाचं मशीन? त्यात तेल असतं. त्याच्यावर अर्धवट शिवलेली चोळी होती, तीही सुईसकट गेली. शेवटी देव्हाऱ्यासमोर आलो. सागवानी देव्हारा, वर समई, शेजारी वातींचा डबा, तुपाची वाटी, काडेपेटी. मी हात जोडले, म्हटलं, "देवांनो, एका दिवसाचा प्रश्न आहे," आणि त्यांनाही उचललं.

"अहो, लोकांचे देव!" मालती ओरडली.

"विम्यात देव बसत नाहीत," मी म्हटलं. कुठून सुचलं कोण जाणे.

आणि मग जिन्याखाली वाकलो. वाकलो तो तसाच राहिलो.

मशाली!

ते दिवस कसले होते तुम्हाला आठवतंयच. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, याशिवाय वाडीत दुसरा विषय नाही. शुक्रवारी संध्याकाळी मशालींची मिरवणूक निघायची होती, आणि वाडीतल्या चळवळीच्या मंडळींनी मशाली ठेवल्या होत्या वहिनींच्या जिन्याखाली. एकट्या बाईच्या घराची झडती घ्यायला कोण येतंय, हा त्यांचा हिशेब. गोणपाट गुंडाळलेल्या काठ्यांची ही चवड, आणि बाजूला घासलेटचं पिंप.

आगीच्या साहेबासमोर मशाली! विचार करा, मी तिथे वाकलो नसतो तर? मला घाम फुटला आणि लगेच स्वतःचा अभिमानही वाटला. एकेक मशाल छातीशी धरून पलीकडे नेली. पिंप लोटत नेलं. ते थोडं हिंदकळलं, वाटेत सांडलं, पण आमच्या बाजूला सांडलं. म्हणजे ठीकच.

संध्याकाळी आमच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. मालती कोळशाच्या पोत्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिनं मला एकच विचारलं, "चूल कुठे पेटवू?"

त्या दिवशी आम्ही चुरमुरे खाल्ले.

पण माझं काम संपलं नव्हतं हो! जळणारं काढलं, आता विझवणारं नको का ठेवायला? थेटरात कशा लाल बादल्या टांगलेल्या असतात, वाळूच्या. वहिनींच्या आंघोळीच्या दोन बादल्या घेतल्या, त्यांना लाल रंग फासला, चौपाटीवर जाऊन वाळू भरून आणली आणि दारात टांगल्या. काय दिसत होतं! वाटलं, साहेब दारातूनच सही करून परत जाणार.

गुरुवारी सकाळी वहिनी आणि साहेब वाडीच्या तोंडाशी एकदमच पोचले. साहेबांचं नाव सबनीस. किरकोळ अंगाचे, हातात छत्री, काखेत चामड्याची बॅग. चेहरा असा, की हसू आलंच तर हेड ऑफिसला विचारून येईल. मी पुढे झालो. धुतलेलं धोतर, काळी टोपी. हात जोडले.

"या साहेब, मी शेजारी. बापू म्हणतात मला."

"हं," साहेब म्हणाले.

वहिनींनी दार ढकललं, एक पाऊल आत टाकलं आणि तसंच मागे घेतलं. मग हळूच मला विचारलं, "भावोजी, आपण चुकीच्या घरात शिरलो का?"

"तुमचंच आहे वहिनी," मी डोळा बारीक करून म्हटलं. "चला आत."

साहेबांनी आधी बादली पाहिली. वाळू किती आहे बघायला म्हणून कड्याला हात घातला. रंग अजून ओला! लालभडक पंजा झाला. दुसऱ्या हातानं वाळू चाचपली, तर आतून निघालं खाल्लेलं कणीस. मग अजून एक. मग भेळेचा कागद.

"ही वाळू?"

"चौपाटीची आहे साहेब. ताजी."

"हं."

त्यांनी बॅगेतून हातोडी काढली. वासे ठोकले, खांब ठोकले, जिना ठोकला. कान लावून ऐकत होते, डॉक्टर छाती तपासतो तसं. जिथे हात टेकला तिथे लाल पंजा उमटत होता. नव्या सुनेनं गृहप्रवेशाला उमटवावेत तसं सगळं घर पंजांनी भरलं. प्रत्येक ठोक्याला 'हं'. मी त्या हंकारात गुण मोजत होतो. पहिल्या वर्गात पास होतोय असं मला वाटत होतं.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. विचारलं वहिनींना, पण त्या भांबावून खुंटीकडे बघत होत्या. घरात उरलेलं सामान तेवढंच, आणि तेही निघालं नाही म्हणून. तेव्हा उत्तरं देणं मलाच भाग पडलं.

"स्वयंपाक कशावर?"

"स्वयंपाक नसतो साहेब."

"म्हणजे?"

"उपास! वहिनी फार धार्मिक आहेत."

"रोज?"

"चढता उपास आहे."

"रात्री दिवा कसला?"

"लवकर निजतात."

"निजतात कशावर?"

गादी! मी गादीही नेली होती की हो! "व्रत आहे साहेब. जमिनीवर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं. वहिनी चांगल्या खात्यापित्या घरच्या. उपासाचं एक चिन्ह अंगावर असेल तर शपथ.

"अर्जात शिवणवर्ग लिहिलंय. कापड कुठे ठेवतात?"

"कापड?" मी कानाला हात लावले. "या घरात कापड येतच नाही!"

"मग शिवतात काय?"

 मी नुसता हसलो. साहेब हसले नाहीत.

वहिनींना कंठ फुटला. "भावोजी, माझे देव कुठायत?"

"सुखरूप आहेत," मी पुटपुटलो.

साहेबांनी हातोडी बॅगेत ठेवली, रुमालानं पंजा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "बाई, एक समजून घ्या. कंपनी राहत्या घराचा विमा उतरवते. बंद घराचा नाही. बंद घरात आग लागली तर विझवायला कुणी नसतं, म्हणून. हे घर बंद असतं. इथे कुणी राहत नाही."

"मी राहते हो!" वहिनींचा आवाज फुटला. "या घरात मी सून म्हणून आले. यजमान इथेच गेले. संस्थेचं पत्र आणलंय बघा, मुलींनी नावं दिलीत..." आणि पत्र पुढे करता करता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मला सगळं सोसवतं, पण ते नाही सोसवत. त्या बाईला यजमान गेले त्यानंतर इतक्या वर्षांत मी रडताना पाहिलं नव्हतं. आणि आज रडवलं कुणी? मी! डोकं सुन्न झालं. आणि डोकं सुन्न झालं की माझे हातपाय आपापलं चालू लागतात.

"राहतात साहेब!" मी ओरडलो. "राहतात! सगळा संसार आहे त्यांचा! हा बघा!"

आणि मधलं दार धाडकन उघडलं.

काय सांगू तुम्हाला! आधी वास आला. सांडलेल्या घासलेटचा. मग कोळशाच्या पोत्यावर गाद्या, गाद्यांवर वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांवर मखर, मखराला टेकून मशालींची चवड. बंबफोडीवर सोडणं, सोडणांवर चिंध्या. सगळ्यात वर देव, कळसाला बसवल्यासारखे. आणि या डोंगराच्या ऐन मध्यावर, हातभर जागा करून, मालती बसली होती. समोर स्टो फुरफुरत होता. साहेबांसाठी चहा! मीच सांगितलं होतं, साहेब आले की लगेच टाक म्हणून.

ती मान वर न करता म्हणाली, "दार लावा हो, वारा लागतोय. स्टो विझेल."

साहेब 'हं' म्हणाले नाहीत. त्या सकाळी पहिल्यांदाच म्हणाले नाहीत. छत्री माझ्या हातात दिली, तिरके तिरके आत शिरले, स्टोची हवा सोडली, तो थंड होईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग घाम पुसून म्हणाले, "चहा मी बाहेर गल्लीत घेईन."

मग त्यांनी एकेका वस्तूकडे बोट केलं. "हे कुणाचं?"

"साहेब, हे सगळं माझंच..." वहिनींनी सुरुवात केली. खोटं त्यांना जमत नाही. तोच त्यांचा घात.

पण तेवढ्यात माझं डोकं एकदाचं चाललं. हे जर वहिनींचं ठरलं तर विमा गेला, वर्ग गेला, मुली गेल्या. आणि मशाली? मशाली वाडीतल्या मंडळींच्या म्हणालो तर पोलीस वाडीत. उरलं कोण?

"माझं!" मी छाती पुढे काढली. "सगळं माझं!"

"हा कोळसा?"

"माझा."

"ही वर्तमानपत्रं?"

"माझी. वाचनाचा नाद."

"या चिंध्या?"

"जमवतो."

साहेबांचं बोट मशीनवर आलं. "आणि ही अर्धी शिवलेली चोळी?"

आता मागे फिरायची सोय नव्हती. "माझीच!"

"देवा म्हाराजा!" मालतीनं कपाळावर हात मारला. ती मालवणकडची. फारच झालं की माहेरच्या देवाला बोलावते.

साहेब मशालींजवळ गेले. गोणपाट हुंगलं. त्यांचा आवाज खाली आला. "आणि या?"

"माझ्या."

"इतक्या?"

"रात्री वाचायला लागतात."

साहेबांनी वर पाहिलं. माझ्या डोक्यावर विजेचा दिवा लटकत होता. दिवसाही जळत होता.

गल्लीत चहा झाला. साहेबांनी अर्धा कप प्यायला, बशी खाली ठेवली आणि निकाल दिला. मला नाही, वहिनींना.

"बाई, तुमचं घर उत्तम आहे. सागवान आहे, कुठे वाळवी नाही. अहो, चूल, कोळसा, घासलेटचा डबा हे कुणाच्या घरात नसतं? आम्ही ते धरूनच चालतो. शिवणवर्ग म्हणजे कापड असणार, तेही धरतो. घर होतं तसं दाखवलं असतं तर मी केव्हाच सही करून गेलो असतो."

तुम्ही सांगा, हे ऐकून माणसानं जावं कुठे? चौपाटी जवळ होती, पण तिथल्या वाळूला तोंड दाखवायचीही मला लाज वाटत होती.

"मग आता?" वहिनींनी विचारलं.

"आता मी जे पाहिलं ते पाहिलं. तुमच्या घराला धोका घरातून नाही, शेजारून आहे." हे म्हणताना साहेबांनी माझ्याकडे बोट केलं नाही. गरजच नव्हती. गल्लीत जमलेल्या सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. "ते मधलं दार काढून तिथे विटांची भिंत घाला. दोन्ही अंगांनी गिलावा. भिंत झाली की मला कळवा. मी बघून जाईन, मग विमा."

छत्री घेताना ते माझ्या जवळ आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "उद्याच्याच ना मशाली?"

मी मान कशीबशी हलवली.

"मीही येणार आहे मिरवणुकीला. बरोबर लेकाला आणतोय. त्याला एक काढून ठेवा." आणि मी हसायला तोंड उघडतोय तोच म्हणाले, "भिंत मात्र घालावीच लागेल."

साहेब गेले. गल्ली पांगली. वहिनी मधल्या दारात येऊन बसल्या, एक पाय इकडे, एक पाय तिकडे. मला वाटलं आता बोलतील. बोलायलाच हव्या होत्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या चौकटीवरून हात फिरवत राहिल्या.

"भावोजी, राहू दे तो विमा," त्या म्हणाल्या. "एक मशीन आहे तेवढं पुरे मला. हे दार बुजवायचं म्हणजे... यजमान गेले तेव्हा तुम्ही याच दारातून आला होतात."

मालती आत भांडी आपटत होती, तीही थांबली.

  मी म्हटलं, "वहिनी, वर्ग निघायलाच हवा. मुलींना काय सांगणार? शेजाऱ्याची हौस नडली म्हणून?"

"पण दार दोघांचं आहे. तुमच्या मनात नसेल तर..."

"माझ्या मनात आहे," मी म्हटलं. त्या दिवसातलं सगळ्यात मोठं खोटं हे. चोळीपेक्षाही मोठं.

गवंडी आला तेव्हा विटा मीच वाहिल्या. एकेक थर चढत होता. आधी वहिनींची मोरी दिसेनाशी झाली, मग बंब, मग देव्हारा. गळ्याइतकी भिंत आली तेव्हा वहिनींनी पलीकडून चहाचा कप वर धरला. मी इकडून घेतला. प्यायलो, कप विसळून परत दिला. पुढचा थर बसला आणि त्यांचा चेहरा गेला. गवंडी म्हणाला, "बापू, सरका की जरा बाजूला, गिलावा तुमच्या टोपीवर मारू काय?"

आता पलीकडे वर्ग चालतो. मशीनं आली, छान आली. सुट्टीच्या दिवशी मी घरी असलो की दुपारभर खडखड ऐकू येते. मध्येच मुली खदखदून हसतात. कशाला हसतात? कळत नाही! कोण आलं, कोण गेलं, वहिनींनी आज भाजी काय केली, काही कळत नाही! भिंतीला पेला लावून पाहिला. कान लावून पाहिला. कंपनीनं भिंत इतकी जाड मागितली होती की पलीकडे गाढव ओरडलं तरी इकडे कोकिळा वाटेल. वहिनींकडे जायचं तर आता वाडीला वळसा घालून, चप्पल घालून, दार वाजवून जावं लागतं. आणि दार वाजवलं की त्या विचारतात, "कोण?" इतक्या वर्षांत मला त्या घरात 'कोण' म्हणून कुणी विचारलं नव्हतं हो!

हां, एक राहिलंच. भिंत झाल्यावर सबनीस साहेब बघायला आले होते. पलीकडून पाहिली, ठोकली, 'हं' म्हणाले. मग इकडून बघायला आमच्याकडे आले. मशाली केव्हाच मिरवून आल्या होत्या, बाकीचं सामान वहिनींकडे परत गेलं होतं. घर झाडून, सारवून लखलखीत. साहेबांनी भिंत ठोकली आणि वहिनींच्या कागदावर तिथेच सही केली. मला इतका आनंद झाला, की मी म्हटलं, "साहेब, आता आमच्याही घराचा विमा उतरवून टाका की!"

साहेबांनी खिशातून चष्मा काढला. वासे पाहिले, चूल पाहिली, घासलेटचा डबा पाहिला. सगळ्याला मान डोलावली. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

आणि मालतीला विचारलं, "बाई, हे घरी कधी नसतात?"

"सकाळी जेवून दुकानात जातात, ते दिवेलागणीला परत."

साहेबांनी चष्मा खिशात ठेवला.

"तेवढ्या वेळाचा उतरवता येईल."